तिसरी घंटा झाली, गाडी कुठे लावायची?

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमाजवळच्या चौकात दहा मिनिटे उभे राहून पाहावे. एका बाजूला वीर कोतवाल उद्यान, जवळच शिवाजी मंदिर नाट्यगृह, पलीकडे रानडे रोडची खरेदीची गर्दी. फूलवाले, भाजीवाले, कपडेवाले, बेस्टच्या गाड्या, स्टेशनकडे धावणारी माणसे. अशा वेळी दुपारच्या प्रयोगाचा प्रेक्षक बाहेर पडत असतो आणि रात्रीच्या प्रयोगाचा प्रेक्षक आत जाण्याची घाई करत असतो. या गर्दीतून एकच मोटार आपल्यासमोरून दोनदा, तीनदा जाताना दिसेल. चालवणाऱ्याच्या शेजारी बायको, मागच्या सीटवर आई-वडील आणि मुले. सगळ्यांच्या माना खिडकीबाहेर. कुठे एखादी गाडी निघते आहे काय? तिकिटे खिशात आहेत, महिनाभर आधी ठरवलेले नाटक आहे, पण गाडीला जागा नाही. आणि तिकडे नाट्यगृहात पहिली घंटा झालेली असते.

वाचक बंधू-भगिनींनो, हा मोटारवाल्यांचा प्रश्न, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु संबंध आहे. आपलीही मुले शिकली, बँकेत, रेल्वेत, विम्यात, शाळा-कॉलेजात लागली. हप्त्यावर का होईना, पुष्कळांच्या दारात गाडी आली. आई-वडिलांना गाडीत बसवून नाटकाला न्यावे ही इच्छा चांगलीच आहे. आणि ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांचा संबंध तर अधिकच आहे. कारण गाडी उभी राहते ती रस्त्यावर, आणि रस्ता त्यांचाही आहे.

ट्राम गेली, मोटार आली

आपली जुनी नाट्यगृहे आणि सभागृहे मोटारीसाठी बांधलेलीच नव्हती. परळचा दामोदर हॉल आपल्याला चांगला परिचित आहे. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथेच बैठक घेतली आणि तिच्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेबांची कचेरीही तिथे होती. गिरणगावातला कामगार त्या हॉलवर सभेला येई, नाटकाला येई, तो पायी. चाळीतून निघाला की दहा-पंधरा मिनिटांत हॉलवर. लांबचा असेल तर ट्रामने. २०२३ मध्ये ते नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले. त्याला शंभर वर्षे प्रेक्षक दिला तो आजूबाजूच्या चाळींनी.

मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि तो अध्याय संपला. दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला आपण अजून दादर टी.टी. म्हणतो, ते ट्रामच्या आठवणीमुळे. शिवाजी मंदिर नाट्यगृह सुरू झाले १९६५ मध्ये, म्हणजे ट्राम गेल्यानंतर एका वर्षाने. तेव्हा प्रेक्षक येत असे लोकलने आणि बसने. मोटार होती ती डॉक्टर, वकील आणि शेटजींची. त्या काळच्या दादरमध्ये नाट्यगृहासमोर पाच-पंचवीस मोटारींची सोय झाली तरी पुष्कळ होते.

पुढे प्रेक्षक गिरणगावातून डोंबिवली, बोरिवली, विरार, पनवेलकडे राहायला गेला. नाटक मात्र दादरलाच राहिले. दूर गेलेल्या प्रेक्षकाच्या हाती पैसा आला तशी त्याच्याकडे गाडी आली. अशा रीतीने जुना रस्ता, जुने नाट्यगृह आणि नवी गाडी यांची गाठ पडली. यात कोणा एकाचा दोष नाही. पण परिणाम सर्वांना भोगावा लागतो.

जागा का मिळत नाही?

आमच्या कारकुनी पेशात कोणतीही अडचण आली की आधी हिशेब मांडण्याची सवय असते. तसा हा हिशेब मांडून पाहू.

समजा एका प्रयोगाला ८०० प्रेक्षक आहेत. त्यातले ६०० जण लोकल, बस, मेट्रो, रिक्षा-टॅक्सी किंवा दुचाकीने आले आणि फक्त २०० जण मोटारीने आले. एका मोटारीत दोघे धरले तर १०० मोटारी झाल्या. रस्त्याच्या कडेला एकामागे एक गाडी लावायची तर मागेपुढे करण्यासाठी सोडलेल्या जागेसह प्रत्येकीला सहा मीटर लागतात. म्हणजे ६०० मीटर लांबीची सलग कड हवी. दादरच्या रस्त्यावर ६०० मीटर मोकळी कड कुठून आणणार? तिथे बसथांबे आहेत, इमारतींची फाटके आहेत, चौक आहेत, दुकाने आहेत.

शिवाय दुपारचा प्रयोग सुटायला आणि रात्रीचा सुरू व्हायला फार अंतर नसते. दुपारच्या गाड्या निघालेल्या नसतात तोच रात्रीच्या येऊन थडकतात. म्हणजे घटकाभर मागणी दुप्पट. खरेदीला आलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात गाडी काढतो आणि जागा दुसऱ्याला मिळते. नाटकाला आलेल्याची गाडी मध्यंतर धरून तीन तास हलत नाही. आणि संध्याकाळी सात-आठ ही तर तिथल्या रहिवाशांचीही घरी परतण्याची वेळ. दुकानाचे गिऱ्हाईक, नाटकाचा प्रेक्षक आणि रहिवासी, तिघांना एकाच वेळी एकच जागा हवी असते.

मग सुरू होतात चकरा. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर या एकाच विषयाचा अभ्यास केला. फुकट पार्किंगची समाजाला पडणारी किंमत सांगणारा त्यांचा मोठा ग्रंथ २००५ मध्ये निघाला. २०२५ मध्ये ते वारले. लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या लहानशा बाजारभागात जागा शोधण्यासाठी मारलेल्या चकरांचे अंतर त्यांनी मोजले. ते वर्षाला साडेनऊ लाख मैल भरले. पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा! एकेका गाडीला जागा शोधायला सरासरी तीन-साडेतीन मिनिटेच लागत होती, तरी सगळ्यांची बेरीज एवढी झाली. आपल्याकडे वीस-वीस मिनिटे फिरणारी कुटुंबे आहेत. त्या चकरांचे पेट्रोल जळते, धूर होतो, आणि तो धूर नाकात जातो फुटपाथवर बसलेल्या भाजीवालीच्या.

एक गाडी आणि एक खोली

आता दुसरा हिशेब. एक मोटार उभी करायला साधारणपणे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. फुटांत सांगायचे तर सुमारे १३५ चौरस फूट. आणि आपल्या बीडीडी चाळीतली खोली किती? १६० चौरस फूट. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथील या चाळींतून तेवढ्या खोलीत आई-वडील, भाऊ, भावजय, पोरेबाळे आणि गावाहून आलेला पाहुणा अशा पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. त्याच खोलीत स्वयंपाक झाला, बाळंतपणे झाली, मॅट्रिकचा अभ्यासही झाला.

म्हणजे एक मोटार रस्त्यावर जेवढी जागा अडवते, त्याहून पंचवीस फूटच जास्त जागेत एका कुटुंबाने आयुष्य काढले. त्या खोलीचे भाडे दरमहा भरावे लागे, थकले तर नोटीस येई. रस्त्यावरच्या १३५ फुटांचे भाडे मात्र देण्याची कोणाची तयारी नसते. गाडीला पाच-सात लाख मोजणारा माणूस तीन तासांच्या पार्किंगचे पैसे मागितले की पोऱ्याशी हुज्जत घालतो. मोटारवाल्याला हिणवावे म्हणून हे लिहिलेले नाही. सार्वजनिक जागेची किंमत डोळ्यांपुढे यावी, एवढाच हेतू आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही हेच म्हटले आहे की, शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगचे शुल्क त्या जमिनीच्या किमतीला धरून असावे.

गल्लीत काय होते?

मुख्य रस्त्यावर जागा नाही म्हटल्यावर गाडी वळते बाजूच्या गल्लीत, आणि खरा धोका तिथे आहे. गल्ली सहा मीटर रुंद आहे असे समजू. दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या. एका मोटारीची रुंदी पावणेदोन-एक मीटर, म्हणजे दोघींनी साडेतीन मीटर खाल्ले. मध्ये उरले अडीच मीटर. मोठ्या वाहनाला कायद्याने २.६ मीटरपर्यंत रुंदी ठेवता येते. मग आगीचा बंब त्या गल्लीत शिरणार कसा?

काही वर्षांपूर्वी एका नाट्यगृहामागच्या गल्लीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहत होते. रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास त्यांच्या घरातल्या आजींच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका वेळेत आली, पण गल्लीच्या तोंडावर अडली. दोन्ही बाजूंना गाड्या, त्यातली एक वळणावर तिरकी लावलेली. मालक नाट्यगृहात, पडदा वर गेलेला. शेजारच्या पोरांनी गाडी ढकलण्याचा प्रयत्न केला, पण ब्रेक लावलेला. शेवटी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलले आणि मुख्य रस्त्यापर्यंत नेले. मी त्या दिवशी मंडळाच्या कामासाठी तिथे गेलो होतो, खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. आजी म्हणत होत्या, "हळू रे बाबांनो, मी पडंन." सुदैवाने त्या वाचल्या. अकरा वाजता नाटक सुटले तेव्हा त्या गाडीचा मालक शांतपणे आला. त्याला मुलांनी घेरले. तो म्हणाला, "अहो, इथं नो पार्किंगची पाटी कुठं आहे?"

हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर असे, की प्रत्येक ठिकाणी पाटी लागत नाही. फुटपाथवर, वळणावर, पादचारी पट्ट्यावर, बसथांब्याजवळ, शाळा किंवा हॉस्पिटलच्या दारात, इमारतीच्या फाटकासमोर, आगीच्या पाण्याच्या नळाआड, किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावू नये, हा वाहतुकीचा सर्वसाधारण नियम आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही. कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागेतली गाडी गणवेशातील पोलीस अधिकारी उचलून नेण्याचा आदेश देऊ शकतो. बेवारस गाडीकडे दुर्लक्ष करू नये, हेही दादरकरांना वेगळे सांगायला नको. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांपैकी एक स्फोट प्लाझा सिनेमाच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीतच झाला होता.

वाहनतळ आहेत, पण...

जादा बांधकामाच्या मोबदल्यात विकासकांकडून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले. दादरला शिवसेना भवनाजवळच्या कोहिनूर स्क्वेअरमध्येही असा मोठा वाहनतळ आहे. तिथून शिवाजी मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही माणूस नाट्यगृहाच्या दारातच जागा शोधत फिरतो. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्या मोटारवाल्यांना १०,००० रुपये दंड लावला. ओरड झाली, पुढे ती रक्कम कमी करण्यात आली. दंडाने शिस्त लागते, पण दंडाबरोबर सोयही हवी. वाहनतळाकडे जाणारा रस्ता दाखवणाऱ्या ठळक मराठी पाट्या, चालायला मोकळा फुटपाथ आणि रात्री उजेड एवढे झाले तर दहा मिनिटे चालायला कोणाची ना नाही. साडीतल्या बाईला आणि काठी टेकणाऱ्या आजोबांना अंधारात, तुटक्या फुटपाथवरून पाठवून कसे चालेल?

पैसे घेणाऱ्या पोऱ्याचाही विचार करावा. तो ठेकेदाराचा माणूस असतो. उन्हापावसात दिवसभर उभा असतो. त्याच्याशी अरेरावी करू नये, पण पावती मात्र मागावी. दरपत्रकाचा फलक कुठे आहे, हेही विचारावे. एकदा अशाच एका मुलाला मी पावती मागितली. तो म्हणाला, "काका, पावती घेतली तर पन्नास, नाही घेतली तर चाळीस." मी पन्नास देऊन पावती घेतली. ते दहा रुपये वाचवले असते तर चाळीसही महापालिकेच्या तिजोरीत गेले नसते. बी.कॉम.चे पहिले वर्ष न शिकताही हा हिशेब समजतो.

नाटकवाल्यांची आणि अपंगांची अडचण

नाट्यगृहाबाहेर प्रेक्षकांच्याच गाड्या असतात असे नाही. नेपथ्याचा टेम्पो असतो, कलाकारांची बस असते. दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात एका नाटकाचा सेट उतरवून टेम्पोत भरायचा आणि दुसऱ्याचा टेम्पोतून काढून रंगमंचावर लावायचा, हे काम बॅकस्टेजचे कामगार घामाघूम होऊन करतात. त्यांना मिळते ती प्रयोगाची नाईट. मागच्या दारात कोणी मोटार लावून गेला की फ्लॅट, पलंग, जिने डोक्यावर घेऊन लांबून आणावे लागतात. घंटा उशिरा झाली की प्रेक्षक टाळ्या वाजवून निषेध करतो. पण त्या उशिराला त्याच्यातल्याच एकाची गाडी कारण असू शकते.

तसेच अपंग बांधवांचे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला गाडीचे दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची लावता आली पाहिजे. त्यासाठी जागेची रुंदी नेहमीच्या अडीचऐवजी ३.६ मीटर असावी असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक नियमांत आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही झाला. खुर्चीचे चिन्ह रंगवलेल्या जागेत धडधाकट माणसाने "पाचच मिनिटे" म्हणून गाडी लावणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलणे होय.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, शक्य असेल तर गाडी घरीच ठेवावी. दादर मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवर आहे. भुयारी मेट्रोचे दादर स्थानक १० मे २०२५ पासून प्रवाशांना खुले झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराला जाणाऱ्यांना सिद्धिविनायक स्थानक जवळ आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र निघण्याआधी पाहून ठेवावी.

गाडी न्यायचीच असेल तर भरून न्यावी. वरच्या हिशेबात एका गाडीत दोघांऐवजी चौघे आले असते तर १०० ऐवजी ५० गाड्या लागल्या असत्या. महिला मंडळाने, युवक मंडळाने पन्नास जणांची मिनीबस किंवा बस केली तर तिला दोन-तीन मोटारींचीच जागा लागते. भाडे विभागून स्वस्त पडते आणि रात्री बायका-मुली एकत्र घरी येतात, हा मोठा फायदा.

तासभर आधी पोहोचावे. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना नाट्यगृहाच्या दारात उतरवावे आणि चालवणाऱ्याने एकट्याने गाडी वाहनतळावर नेऊन लावावी. त्याचे तिकीट त्याच्याच खिशात असू द्यावे. सम-विषम तारखेची पाटी असेल तर ती वाचावी. अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देऊ नये. गाडीच्या काचेआड आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि नाटकात फोनचा आवाज बंद केला तरी तो थरथरता ठेवावा. परत आल्यावर गाडी जागेवर नसेल तर चोरीची तक्रार करण्याआधी जवळच्या वाहतूक चौकीत चौकशी करावी.

गल्लीतल्या रहिवाशांनीही स्वस्थ बसू नये. रस्ता अडला असेल तर ११२ वर कळवावे. पण तेवढ्याने भागत नाही. वीस-पंचवीस रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे द्यावा. गल्लीची रुंदी टेपने मोजून लिहावी, कोणत्या वेळी किती गाड्या असतात ते सलग चार रविवार टिपून लिहावे, आणि एकाच बाजूला पार्किंग व वळणावर पिवळे पट्टे एवढीच नेमकी मागणी करावी. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेण्यास विसरू नये. महिन्याभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारावे. कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर सांगतो, आकडे लिहिलेला अर्ज टेबलावरून सहजासहजी हलवता येत नाही.

आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना एक विनंती. प्रयोगाआधी मोबाईल बंद ठेवण्याची सूचना तुम्ही देताच. तिच्याबरोबर आणखी एक वाक्य सांगा: मागच्या गल्लीत कोणाची गाडी रस्ता अडवून उभी असेल तर त्यांनी ती आत्ताच हलवावी, आम्ही दोन मिनिटे थांबतो. दोन मिनिटांनी नाटकाचे काही बिघडणार नाही.